विचारलं होतं तिला

"तिनं मला विचारलं होतं."

दक्षा एवढंच म्हणाली, तेही चुलीवरून चहा उतरवताना, पाठमोरी. रागानं म्हणाली असती तर रूपेशला बरं वाटलं असतं. रागाची समजूत काढता येते, नाहीतर सरळ तोंड फिरवून गाडी तरी काढता येते. हे वाक्य तिनं दूध संपलंय म्हणून सांगावं तसं सांगितलं आणि कप त्याच्या हातात दिला. त्यानं चहा उभ्या उभ्याच ओतला घशात, जीभ पोळून घेतली आणि हेल्मेट चढवलं. तलासरीच्या आपल्या पाड्यावरून तो हायवेला लागला, तरी ते वाक्य काही हेल्मेटबाहेर जाईना. तिनं मला विचारलं होतं. बरं, विचारलं होतं. मग? उत्तर काय वेगळं येणार होतं? घर एक, चूल एक, पोरगी एक. कोणी का देईना उत्तर. असं तो स्वतःलाच म्हणाला आणि समोरच्या ट्रकला उगाचच दोनदा हॉर्न मारला.

झालं होतं ते इतकंच. सकाळी सातला शुक्री अंगणात येऊन बसली होती. शुक्री धवलेरी. त्यांच्या लोकांत लगीन भटजी लावत नाही, धवलेरी लावते. भिंतीवर लग्नाचा चौक रंगवून होतो, ती गाणी म्हणत बसते, आणि तिची गाणी संपल्याशिवाय नवरा नवरा नाही की नवरी नवरी नाही. साठीची बाई, अंगानं काडी, पण माघ जवळ आला की आख्ख्या पंचक्रोशीत तिच्याइतका भाव कोणालाच नसतो. दक्षा सुपात तांदूळ पाखडत होती. शुक्रीनं तिच्याकडे बघून, नीट तिच्याच डोळ्यांत बघून विचारलं, "काय गं, यंदा उरकायचं का लगीन? माझे दोनच दिवस मोकळे राहिलेत." सूप थांबलं. दाराशी बुटाची नाडी बांधत बसलेला रूपेश मान वर न करताच म्हणाला, "हो हो, यंदाच करायचं. पक्कं धर." शुक्री हसली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पुढच्या घरी गेली. सूप पुन्हा सुरू झालं. पण मध्ये ते किती वेळ थांबलं होतं? आता गाडीवर, विवळवेढ्याच्या देवळावरून पुढे जाताना, सवयीनं छातीला हात लावताना त्याला वाटलं, बराच वेळ थांबलं होतं.

दक्षा घरात आली त्याला चार वर्षं झाली. हर्षदा तीन वर्षांची. लगीन राहिलंय, यात त्यांच्या लोकांना काही नवल नव्हतं. मुलगी मनानं येते, चूल मांडते, पोरं होतात, मग सवडीनं कधीतरी मांडव पडतो. काहींचा पोरं शाळेत जायला लागल्यावर, काहींचा डोकी पांढरी झाल्यावर. डहाणूच्या ऑफिसात हे सांगायच्या फंदात तो पडला नव्हता. तिथे त्यानं 'विवाहित' एवढंच लिहून दिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण लगीन मात्र त्याला हवं होतं. मनापासून, अगदी लहान मुलासारखं हवं होतं, आणि त्याला कारण होतं.

तो अकरा वर्षांचा असताना त्याच्या आईबापाचं लगीन लागलं. थोरल्या बहिणीचं ठरलं होतं, आणि आईबापाचं राहिलेलं असताना पोरीचं कसं लावणार? आधी थोरल्यांचं, मग धाकट्यांचं, एकाच मांडवात. बाप हळदीनं पिवळा होऊन बसला होता आणि हसत होता. काय हसत होता. एरवी वीटभट्टीवरून आला की भिंतीला टेकून गप बसणारा माणूस, त्याचे पुढचे दोन पडलेले दात रूपेशला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. गाववाले चिडवत होते, "नवऱ्या, बायको पसंत आहे का रे?" आणि बाप म्हणत होता, "बघतो, चार पोरं झाल्यावर सांगतो." आपल्या बापाच्या लग्नात आपण नाचलो, हे जगातल्या किती लोकांना सांगता येईल? पुढे तीन वर्षांत बाप गेला. त्याचा तो एकच चेहरा रूपेशनं जपून ठेवला होता. हर्षदानं आपल्यालाही तसं बघावं, एवढीच त्याची हाव होती. म्हणून 'हो' इतक्या पटकन तोंडातून गेलं. आता यात वाईट काय होतं?

ऑफिस स्टेशनजवळ, एका कापडाच्या दुकानाच्या वर. दीपेशभाईंचं. दीपेशभाईंचं मराठी निम्मं गुजराती असायचं आणि स्वभाव अर्धा मालकाचा, अर्धा मोठ्या भावाचा. एका रोपवाटिकेसाठी कलमांची मागणी मोबाईलवरून नोंदवायचं काम चालू होतं, आणि तिचे मालक चार वाजता नवीन स्क्रीन बघायला येणार होते. तोवर आजचं दुसरं कामही उरकायचं होतं. स्क्रीनचा कोड पन्नास-साठ छोट्या जावास्क्रिप्ट फाईलींमध्ये विखुरलेला असतो. त्या सगळ्यांची एक मोट बांधायची, मग ब्राउझर ती एकच फाईल मागतो. आजवर रूपेश दर बदलाला ही मोट हातानं बांधायचा आणि बांधून होईस्तोवर टेबलावर बोटं वाजवत बसायचा. आता सर्व्हरमध्येच तशी सोय बसवायची होती. कोडचं एक अक्षर बदललं की मोट आपोआप नव्यानं बांधली जावी, डिस्कवर लिहायच्या भानगडीत न पडता मेमरीतच तयार राहावी, आणि ब्राउझरनं मागितली की तिथूनच द्यावी. सगळं मिळून चार ओळींचं काम. चार ओळी त्यानं दहा वाजता लिहिल्या.

आणि काही झालं नाही.

म्हणजे झालं सगळं. काळ्या खिडकीत हिरव्या अक्षरांत आलं की मोट बांधून झाली, चूक एकही नाही. पण ब्राउझरमध्ये जुनीच स्क्रीन. वर 'कलम मागणी' लिहिलं होतं, त्यानं ते 'कलमं हवीत?' केलं होतं. खिडकी म्हणाली, बांधलं. स्क्रीन म्हणाली, कलम मागणी. त्यानं पान पुन्हा उघडलं. ब्राउझर बदलला. सर्व्हर बंद करून चालू केला. कोडला जोडलेलं बाहेरचं सगळं काढून पुन्हा जोडलं, त्यात अर्धा तास गेला. शेवटी वैतागून शीर्षकात आपलंच नाव लिहिलं. बांधलं, असं खिडकी इमानदारीत म्हणाली. कलम मागणी, असं स्क्रीन म्हणाली. आत नवं तयार आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दर वेळी तयार होत होतं, बिचारं, न कुरकुरता. मग बाहेर हे जुनं कोण देतंय?

माणसाचं डोकं असं असतं बघा, की एका ठिकाणी अडलं की ते दुसऱ्या ठिकाणी जाऊन उकरायला लागतं. रूपेशला दक्षाचा आवाज आठवायला लागला. आजचा नव्हे, सगळाच. आणि त्याच्या लक्षात आलं की आठवायला फारसं काही नाहीच. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी दक्षाला विचारलं होतं, "कधीपासून दुखतंय?" आणि तो म्हणाला होता, "परवापासून." दुखत तिचं होतं. अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं, पोरीला काय भरवता, तेव्हाही तोच बोलला. तिला मराठी येत नाही असं थोडंच होतं? बारावी होती ती, कोसबाडच्या शिबिरात तिनं शंभर माणसांसमोर भाषण ठोकलं होतं, आणि तेच ऐकून तो तिच्या मागे लागला होता. ते भाषण करणारी मुलगी मग कुठे गेली? त्यानं काही तिचं तोंड दाबलं नव्हतं. आवाज चढवला नव्हता, हात तर कधीच उचलला नाही. तो फक्त लवकर बोलायचा. कोणी काही विचारलं की उत्तर त्याच्याकडे तयारच असायचं. शाळेत याच गुणाला हुशारी म्हणत.

जेवणाचा डबा त्यानं उघडला आणि तसाच बंद केला. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, रोजचंच. अडीच वाजता दीपेशभाई मागे येऊन उभे राहिले.

"शू थयु, रूपेश? चार वाजता माणूस येणार आहे हां."

"होतंय, भाई."

"सकाळपासून होतंय."

रूपेशनं सर्व्हरची फाईल उघडली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. आजवर त्यानं ती कधी वाचली नव्हती, फक्त तिच्यात भर घातली होती. ओळी वरून खाली चालतात. ब्राउझर येऊन म्हणतो, अमुक फाईल द्या. वरची ओळ आधी बघते, आपल्याकडे आहे का. असली तर देऊन मोकळी होते, आणि मग खालच्या ओळींना कळतसुद्धा नाही की कोणी आलं होतं. नसली तरच ती पुढे पाठवते. या मधल्या ओळींना मिडलवेअर म्हणतात. रूपेश मनातल्या मनात त्यांना दारं म्हणायचा. पहिलंच दार एका साध्या फोल्डरचं होतं, चित्रं आणि लोगो ठेवायचं. त्यानं ते फोल्डर उघडलं. लोगो, दोन चिकूची चित्रं, आणि शेवटी एक जुनी मोट. नाव तेच. दिवाळीच्या आधी कोणाला तरी घाईत दाखवायला त्यानं स्वतः हातानं बांधून तिथे टाकली होती आणि साफ विसरून गेला होता. आज त्यानं लिहिलेल्या चार ओळी खाली, शेवटी होत्या. नवी मोट तिथे सकाळपासून तयार बसली होती.

त्यानं जुनी फाईल काढून टाकली, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून चार ओळी उचलून वर नेल्या. पान उघडलं. शीर्षकात त्याचं नाव आलं. ते खोडून त्यानं 'कलमं हवीत?' लिहिलं, आणि पापणी लवते न लवते तोच स्क्रीनवरही तेच.

"शू हतु?" दीपेशभाईंनी विचारलं.

"जुनी फाईल वर बसली होती. ब्राउझरनं विचारलं की तीच आधी उत्तर द्यायची."

"आणि नवीनला?"

"नवीनपर्यंत कोणी पोचतच नव्हतं."

"लो," दीपेशभाई हसले. "अमारा बापूजी पण असंच. आईला विचारा, चाय घेणार काय, की बापूजी बोलणार, ना ना, ती नाही घेत. आई पंचावन्न वरस चायशिवाय. बापूजी वारले, तेराव्याला बघतो तर आई दोन कप प्यायली." आणि ते पंखा वाढवून खाली निघून गेले.

रूपेशला हसू आलं नाही. तो खुर्चीत बसून राहिला, आणि ज्या आठवणीवर त्याचा इतका जीव होता ती त्याच्यासमोर आली. मांडव. बापाचे पडलेले दात, पिवळे हात, मांडवाच्या कडेला तारपा फुंकणारा, बहिणीचं खिदळणं. शेजारी आई बसली होती. बसलेलीच असणार, तिचंच लगीन ना. पण तिचा चेहरा त्याला आठवेना. त्यानं डोळे मिटून बघितलं. साडी आठवली, मानेपर्यंत आलं सगळं, आणि चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. अकरा वर्षांचा होता तो, नाचत होता, त्यानं बघितलंच नव्हतं. नवऱ्या, बायको पसंत आहे का, असं सगळं गाव विचारत होतं. आईला कोणी काय विचारलं? त्याला एकदम घरी फोन करावासा वाटला.

फोन आईनंच उचलला. "दक्षा नाहीये. पोरीला घेऊन दुपारीच कैनाडला गेली."

"माहेरी? कशाला?"

"संगिताला, तिच्या आईला विचारायला." आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुमचं लगीन म्हणजे आधी संगिताचं नाही का? राहिलंय ना तिचं. तुला काय, माहीत नव्हतं?"

माहीत होतं. सगळं माहीत होतं, हीच तर गोष्ट होती. दक्षाच्या आईचं, संगिताचं, लगीन कधी लागलं नव्हतं हे त्याला माहीत होतं. दक्षाचा बाप बाबल्या तिला मारायचा, एकदा पेटतं लाकूड घेऊन धावला होता, आणि सहा वर्षांपूर्वी हातात कोयता धरून संगितानं त्याला घराबाहेर काढला होता. तो आता वापीकडे कुठल्याशा कारखान्यात आहे, हेही माहीत होतं. आधी थोरल्यांचं, मग धाकट्यांचं, हे तर त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याच नियमापायी त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस त्याला मिळाला होता. फक्त या सगळ्या गोष्टी त्यानं एका शेजारी एक कधी ठेवल्या नव्हत्या. बुटाची नाडी बांधता बांधता त्यानं संगिताला त्या माणसाच्या शेजारी हळद लावून बसवलं होतं.

चार वाजता रोपवाटिकेचे मालक आले. त्यांनी स्क्रीन बघितली, खूश झाले, अक्षर मोठं करा म्हणाले. रूपेशनं त्यांच्यासमोर अक्षर मोठं केलं आणि ते जागच्या जागी मोठं झालं, तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. दीपेशभाईंनी पाठीवर थाप मारली. हे सगळं त्याला दुसऱ्या कोणाचं चाललंय असं वाटत होतं. पाचला त्यानं गाडी काढली आणि कैनाडचा रस्ता धरला. वाटेत तो काय बोलायचं ते जुळवत होता. आधी माफी मागू. मग सांगू, आपण काहीतरी मार्ग काढू. शुक्रीला विचारू, बाबल्याच्या जागी दुसरं काही चालतं का. नाहीतर नियम मोडू, कोण विचारतंय. सावट्याच्या वळणावर त्याच्या ध्यानात आलं की दक्षाच्या प्रश्नाची उत्तरं आपण पुन्हा तयार करत सुटलोय, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. गाडी बाजूला लावून तो जरा उभा राहिला. मग तसाच, रिकाम्या डोक्यानं, पुढे गेला.

दक्षा घराच्या मागे, कापणी झालेल्या शेताच्या बांधावर बसली होती. हर्षदा खाली खुंटांमध्ये काहीतरी वेचत होती. तो शेजारी जाऊन बसला. तिनं बघितलं, सरकली नाही. त्याच्या तोंडात वाक्यं दाटली होती. त्यानं दात आवळून ती आतच ठेवली. गप्प बसणं इतकं अंगमेहनतीचं काम असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग त्यानं विचारलं, "तुला करायचंय का, लगीन?"

दक्षानं बांधावरचं एक ढेकूळ उचललं. तो थांबला.

"मला हौस होती," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? शुक्रीनं विचारलं तेव्हा तोंडावर हो आलंच होतं. मग आई आठवली. मी शुक्रीला म्हणणार होते, थांब, कैनाडला जाऊन येते, मग सांगते. तेवढ्यात तू बोललास."

"आई काय म्हणाली?"

"हो म्हणाली." दक्षानं ढेकूळ चुरडलं. "लगेच म्हणाली. मी पुरतं विचारलंसुद्धा नव्हतं. म्हणाली, बसेन की, दोन दिवसांचं तर आहे, मान खाली घालून बसेन, तुझं होऊन जाऊ दे. हसून म्हणाली, रूपेश. तेव्हाच माझं ठरलं. मला नाही करायचं. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही. तो माणूस जिवंत आहे तोवर नाही."

त्याच्या डोळ्यांसमोरून तो पिवळा, दात पडलेला, हसरा बाप गेला, आणि त्याच्याजागी आपण, आणि समोर नाचणारी हर्षदा. लपवण्यासारखं काही नव्हतं, फार वाईट वाटलं त्याला. "बरं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

"मी आईला अजून सांगितलं नाही," दक्षा म्हणाली.

ते अंगणात आले तेव्हा संगिता दारात उभी होती. उंच, रुंद हाडाची बाई, दिवसभर चिकूच्या वाडीत राबणारी. जावयाला बघून तिनं पदर सारखा केला आणि चेहऱ्यावर हसू आणलं. "आलास? बरं झालं. शुक्रीनं कोणता दिवस दिलाय? मला वाडीवर खाडा सांगायला लागेल."

ती रूपेशला विचारत होती. उत्तर त्याच्या जिभेवर होतं. 'मीच नको म्हटलं, मावशी,' असं म्हणून सगळं अंगावर घेता आलं असतं, दक्षाची सुटका झाली असती, आपणही जरा मोठे झालो असतो. त्यानं ते गिळलं.

"ते दक्षाला विचार, मावशी."

संगितानं मुलीकडे बघितलं.

"नाही करायचं, आई," दक्षा म्हणाली. "शुक्रीला मी स्वतः सांगणार आहे. तू त्याच्या शेजारी बसायचं नाहीस. माझ्यासाठी नाही, कोणासाठीच नाही."

"वेडी का काय तू? मी हो म्हटलं ना."

"म्हटलंस. म्हणून तर नाही."

संगिता उंबऱ्यावरच खाली बसली. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, काढून ठेवायचं सुचलं नाही म्हणून. हर्षदा तिच्या मांडीवर चढली, तेव्हा तिनं नातीला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. तिच्यामागे खोलीत, दिव्याच्या उजेडात, पत्र्याची पेटी सताड उघडी होती आणि सगळे कपडे जमिनीवर पसरले होते, एकेक झटकून, उलटंसुलटं करून पाहिलेले.

"दुपारपासून हेच करतेय," संगिता म्हणाली. तिनं उजव्या दंडावरचा पदर जरासा मागे केला, आणि भाजल्याचा तो रुंद, चकचकीत डाग रूपेशनं पहिल्यांदा बघितला. "मांडवात गाव बघणार. हा झाकेल असं एकही पोलकं नाही माझ्याकडे."